डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप? प्रोसेसरची ताकद स्वतः तपासून बघायची रीत

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहिलं तरी एक प्रश्न हमखास कानावर येतो: "आय५ आहे न्हवं?" समोरून "होय" आलं की गिऱ्हाईकाचं समाधान होतं आणि बोलणं किमतीवर येतं. बारावीनंतर मुलीला इंजिनिअरिंगला घातलेले पालक असोत, उद्यमनगरात ड्रॉइंगसाठी मशिन शोधणारा वर्कशॉपवाला असो नाहीतर लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा पोरगा, सगळ्यांचा व्यवहार याच एका शब्दावर ठरतो. आय५ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे मशिनचं सगळं गणित करणाऱ्या मुख्य चिपचं नाव. खरं तर या नावाखाली १५ वॅटवर चालणारी लॅपटॉपची बारीक चिपही येते आणि ११७ वॅटपर्यंत वीज ओढणारी डेस्कटॉपची चिपही येते. दोन्हींवर स्टिकर तोच. पंचगंगेवर मोटार बसवणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. मोटार पाच एचपीची आहे एवढ्यावरून शेतात पाणी किती पडणार हे तो कधीच सांगणार नाही. चढ किती, पाइप किती इंची, व्होल्टेज किती हे आधी विचारेल. प्रोसेसरलाही असेच प्रश्न विचारायचे असतात. ते कुठले आणि कुठल्या क्रमाने, हे नव्या माणसासाठी खाली लिहिलं आहे.

पहिली पायरी: काम कागदावर लिहा

मशिनवर रोज काय करता ते लिहा आणि त्यापुढे नेमकं थांबावं कुठं लागतं ते लिहा. ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि पुढचा सगळा घोळ इथूनच होतो.

प्रोसेसरच्या दृष्टीने कामं दोन जातींची. कोअर म्हणजे चिपमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. काही कामं एकाच कोअरवर पळतात; बाकीचे कोअर रिकामे बसले तरी काम लवकर होत नाही. काही कामं सगळ्या कोअरमध्ये वाटली जातात. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग करणं हे बहुतांशी एका कोअरचं काम. सॉलिडवर्क्समध्ये पार्ट बनवणं, फीचर बदलून मॉडेल पुन्हा तयार व्हायची वाट बघणं, हेही तसंच. मात्र त्याच मॉडेलचं रेंडरिंग (खऱ्यासारखं चित्र) काढायचं असेल, किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत साच्यात धातू कसा भरेल याचं सिम्युलेशन चालवायचं असेल, तर तिथे सगळे कोअर कामाला लागतात आणि तेही तासन् तास. एक्सेल दोन्हीकडचं आहे. मोठ्या शीटमधली सूत्रं तो सगळ्या कोअरवर वाटून घेतो, पण तुम्ही लिहिलेला मॅक्रो एकाच कोअरवर चालतो.

टॅली, जीएसटी रिटर्न, बँक, वर्ड एवढंच काम असेल तर प्रोसेसरच्या तुलनेत फार शिरूच नका. आजची कुठलीही बरी चिप ते सुखाने करते. पैसे एसएसडीवर आणि १६ जीबी रॅमवर घाला.

व्हिडिओवाल्यांनी इथे जरा थांबावं, कारण त्यांचं गणित वेगळं आहे. एडिटिंगमध्ये व्हिडिओ उलगडायचं आणि पुन्हा बांधायचं काम बऱ्याचदा प्रोसेसरच्या कोअरवर न होता ग्राफिक्समधल्या खास भागावर होतं. इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात आणि तो चिपमधल्या अंगभूत ग्राफिक्सचा भाग असतो. नव्या कॅमेऱ्यांमध्ये एच.२६५, १०-बिट ४:२:२ असं दाबून साठवलेलं, जास्त रंगमाहितीचं रेकॉर्डिंग मिळतं. ते फुटेज टाइमलाइनवर अडखळतं अशी तक्रार मी कायम ऐकतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सला हा प्रकार उलगडता येतो. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ही सोय ५० मालिकेपासून आली. म्हणून अशा कामासाठी डेस्कटॉप जोडताना नावाच्या शेवटी एफ असलेली चिप थोडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. एफ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजेच क्विक सिंकही नाही.

दुसरी पायरी: नाव पूर्ण वाचा

"आय५, बारावी पिढी" हे अर्धं नाव झालं. पूर्ण नाव म्हणजे आय५-१२३५यू किंवा आय५-१२४००. सगळ्यात जास्त माहिती शेवटच्या अक्षरात असते. यू म्हणजे कमी विजेची, पातळ लॅपटॉपची चिप. एच म्हणजे जाड, मोठ्या फॅनच्या लॅपटॉपची. एचएक्स म्हणजे डेस्कटॉपचीच चिप लॅपटॉपमध्ये बसवलेली. डेस्कटॉपच्या बाजूला अक्षर नसेल तर साधी चिप, के म्हणजे वेग वाढवायची मोकळीक असलेली, टी म्हणजे कमी विजेची. छोट्या डबीसारख्या मिनी पीसीत टी वाल्या चिप्स बऱ्याचदा असतात. डेस्कटॉप आहे म्हणून त्या पूर्ण ताकदीच्या असतील असं धरून चालू नका.

डिसेंबर २०२३ पासून इंटेलने बऱ्याच नव्या चिप्सच्या नावातलं "आय" काढून टाकलं आणि कोअर अल्ट्रा ही मालिका आणली, पण अक्षरांची रीत तशीच आहे. कोअर अल्ट्रा ५ १२५एच मध्ये मोठे (जास्त ताकदीचे) कोअर चार आहेत, १२५यू मध्ये दोनच. "अल्ट्रा" हा शब्द नसलेली कोअर ५ १२०यू ही नावाने नवी वाटते. रचना मात्र १३व्या पिढीच्याच घराण्यातली.

एएमडीच्या बाबतीत २०२३ च्या लॅपटॉप चिप्सच्या आकड्यांकडे नीट बघा. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू यांच्यात एका आकड्याचा फरक दिसतो. त्या नावात डावीकडून तिसरा आकडा चिपची मूळ रचना सांगतो: ७५२०यू झेन २ वर आहे आणि तिला चार कोअर आहेत, ७५३०यू झेन ३ वर आहे आणि तिला सहा. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन लॅपटॉपवर "रायझन ५ ७००० मालिका" असं सारखंच लिहिलेलं असलं तरी आत एवढी तफावत असते. दुकानदार मुद्दाम फसवतो असं नाही, त्यालाही बऱ्याचदा माहीत नसतं.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप साफ करून विकायला येतात, त्यात आय७-७५००यू सारखी चिप "आय७" म्हणून दाखवली जाते. तिला फक्त दोन कोअर आहेत. एका पिढीनंतरच्या आय५-८२५०यू ला चार आहेत. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८व्या पिढीपासून चालतं (आधीच्या मोजक्याच चिप्स अपवाद), आणि विंडोज १० चा मोफत सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हा सातव्या पिढीचा आय७ आणि आठव्या पिढीचा आय५ समोर असतील तर डोळे झाकून आठव्या पिढीचा उचला.

तिसरी पायरी: वॅट बघा

सगळ्यात कामाचा आकडा हाच, आणि जाहिरातीत तोच नसतो. वर घेतलेल्या दोन चिप्सच शेजारी ठेवू. दोन्ही आय५, दोन्ही बाराव्या पिढीच्या. लॅपटॉपच्या १२३५यू मध्ये १० कोअर, त्यातले दोन मोठे आणि आठ छोटे. डेस्कटॉपच्या १२४०० मध्ये सहाच, पण सगळे मोठे. थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) दोघींचे १२. कमाल वेग दोघींचा ४.४ गिगाहर्ट्झ. नुसता कागद वाचला तर लॅपटॉप बरोबरीचा, किंबहुना सरस वाटेल.

आता इंटेलच्या संकेतस्थळावर चिपचं पान उघडा आणि मूळ वॅट आणि कमाल वॅट असे दोन आकडे शोधा. १२३५यू चे १५ आणि ५५, १२४०० चे ६५ आणि ११७. चार मिनिटं चालणाऱ्या कामात सुरुवातीला लॅपटॉप ५५ वॅटपर्यंत उडी मारतो, पण ती मुदत थोडीच असते, साधारण अर्ध्या मिनिटाची. नंतर तो लॅपटॉप कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेवर खाली येतो. ती मर्यादा कुठे १५ वॅट, कुठे २०, चांगल्या फॅनच्या लॅपटॉपला २५ किंवा त्याच्याही वर. म्हणून एकच चिप असलेले दोन लॅपटॉप वेगळे निकाल देतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उघडून ठेवा आणि लॅपटॉपवर जड काम सुरू करा. पॅकेज पॉवर नावाची, म्हणजे पूर्ण चिप किती वॅट घेते ती ओळ बघत राहा. आधी आकडा पन्नाशीच्या आसपास जातो, कोअरचा वेग चार गिगाहर्ट्झच्या जवळ असतो, फॅनचा आवाज चढतो. मग एकाएकी वॅट विशीकडे घसरतात आणि मोठ्या कोअरचा वेग अडीच-तीन गिगाहर्ट्झवर येऊन बसतो. तापमान मात्र मर्यादेपर्यंत पोचलेलंही नसतं. म्हणजे मशिन तापलं म्हणून मंदावलं असं नाही. तेवढीच वीज द्यायची असं आधीच ठरलेलं होतं. डेस्कटॉपवर हीच ओळ कामाच्या शेवटपर्यंत फारशी हलत नाही.

सिनेबेंच आर२३ या, प्रोसेसरकडून रेंडरिंग करून घेऊन गुण देणाऱ्या चाचणीत १२४०० ला सगळ्या कोअरचे गुण १२ हजारांच्या आसपास मिळतात. १२३५यू ला लॅपटॉप बघून कुठे सहा हजारांच्या खाली, कुठे आठ हजारांच्या वर. आता एका कोअरचे गुण बघा: १२४०० चे सुमारे १७००, १२३५यू चेही १६०० च्या पुढे. म्हणजे ऑटोकॅडमध्ये टू-डी ड्रॉइंग करणाऱ्याला त्या लॅपटॉपवर फारसा फरक जाणवणार नाही, आणि रेंडरिंग करणाऱ्याचा वेळ जवळपास दुप्पट जाईल. पहिल्या पायरीचा कागद का लिहायला सांगितला ते इथे लक्षात येईल.

चौथी पायरी: लोकांनी दिलेले गुण कसे वाचायचे

एकाच चाचणीच्या एकाच आवृत्तीचे गुण एकमेकांशी ताडा. सिनेबेंच आर२३ चे गुण हजारांत येतात आणि सिनेबेंच २०२४ मध्ये एका कोअरचे गुण शंभराच्या आसपास. दोन्ही मोजपट्ट्याच वेगळ्या. गीकबेंच या दुसऱ्या चाचणीच्या ५ आणि ६ या आवृत्त्यांचंही तेच.

गीकबेंच छोट्या छोट्या कामांची चाचणी आहे, मध्ये थोडी उसंतही असते. त्यामुळे पातळ लॅपटॉप तिच्यात चांगले दिसतात. ब्राउझर, फोटो, फाइल उघडणं अशा वापराचा अंदाज तिच्यावरून बरा येतो. दीर्घ कामासाठी सिनेबेंच दहा मिनिटं सलग चालवलेलं हवं. पासमार्क या चाचणीची यादी लोकांनी पाठवलेल्या निकालांची सरासरी असते. चिपची साधारण जागा कळायला ती ठीक आहे, दहा टक्क्यांच्या फरकावर मात्र निर्णय घेऊ नका. आणि लॅपटॉपच्या बाबतीत नुसत्या चिपचे गुण न बघता त्याच मॉडेलच्या लॅपटॉपचे शोधा.

पाचवी पायरी: स्वतः चाचणी घ्या

दुकानात डेमोचं मशिन असेल तर विचारा. अर्धा तास द्यायला चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, आणि तुम्ही काय बघताय हे कळलं की तोही आडवं-तिडवं सांगत नाही.

चार्जर लावलेला असू द्या. विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड सर्वात जास्त कामगिरीवर ठेवा; डेस्कटॉपलाही तेच. लॅपटॉप टेबलावर, खालच्या जाळ्या मोकळ्या. मशिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं शांत बसू द्या, कारण नवं विंडोज मागे अपडेट उतरवत असतं. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर पाच टक्क्यांच्या खाली आल्यावरच सुरू करा. सिनेबेंच दहा मिनिटांच्या सेटिंगवर चालवा, आधी सगळ्या कोअरवर, मग एका कोअरवर. शक्य असेल तर तीनदा घेऊन मधला आकडा धरा. बाजूला एचडब्ल्यूइन्फोमध्ये वॅट, वेग, तापमान आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे वेग कमी होण्याच्या) ओळीत "यस" आलं का ते बघा.

मग चार्जर काढून एकदा चालवा. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये बॅटरीवर गुण चांगलेच खाली येतात. साइटवर, कॉलेजात, एसटीत काम करणाऱ्याने हाच आकडा खरा धरावा. ॲपलच्या एम मालिकेत बॅटरीवर फरक जवळजवळ पडत नाही. मॅकबुक एअरला मात्र फॅन नाही, त्यामुळे लांब कामात तो काही मिनिटांनी मंदावतो. आणि टॅलीप्राइम, सॉलिडवर्क्स हे प्रोग्रॅम विंडोजसाठी बनलेले आहेत हे विसरू नका.

खोलीच्या तापमानाचाही विचार करा. दुकानात एसी असतो, आपल्या शॉपमध्ये नसतो. तेवढ्याच वॅटवर खोली दहा अंशांनी तापली की चिपचं तापमानही जवळपास तेवढंच वर सरकतं. एसीत ८८ अंशांवर निवांत चालणारा लॅपटॉप मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मर्यादेला टेकणारच. दुकानातच नव्वदीच्या वर जाणारं मशिन मी तरी उद्यमनगरातल्या शेडसाठी कुणाला सुचवणार नाही.

सहावी पायरी: रॅम सारखी आहे का?

प्रोसेसरची तुलना करताना एका मशिनमध्ये ८ जीबीची एकच पट्टी आणि दुसऱ्यात दोन पट्ट्या असतील तर ती तुलना न्यायाची नाही. दोन पट्ट्यांनी मेमरीची वाट दुप्पट रुंद होते. सिनेबेंचवर त्याचा परिणाम फारसा दिसत नाही, पण अंगभूत ग्राफिक्सवर गेम किंवा थ्री-डी काम असेल तर चांगलाच दिसतो. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर किती स्लॉट भरलेत ते लिहिलेलं असतं. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डवर चिकटवलेली असते. ती पुढे वाढवता येते का ते आत्ताच विचारा.

सातवी पायरी: आपलीच फाइल, आपलंच घड्याळ

चाचण्यांपेक्षा खरी गोष्ट म्हणजे आपलं काम. पेन ड्राइव्हवर आपली सगळ्यात जड असेंब्ली, पाच मिनिटांचं कच्चं फुटेज किंवा मॅक्रोवाली शीट घेऊन जा. फाइल आधी मशिनच्या एसएसडीवर उतरवा, नाहीतर पेन ड्राइव्हचाच वेग मोजला जाईल. मोबाइलवर घड्याळ लावा.

समजा एक्स्पोर्टला लॅपटॉपने १२ मिनिटं घेतली आणि डेस्कटॉपने ८. "३३ टक्के वेळ वाचला" आणि "५० टक्के जास्त वेग" ही दोन्ही वाक्यं याच निकालाची आहेत. विकणारा मोठा आकडा सांगतो, तेव्हा मिनिटंच विचारा. दिवसाला सहा एक्स्पोर्ट असतील तर २४ मिनिटं वाचतात, लग्नसराईत हे फार मोठं आहे. आठवड्याला एकच असेल तर चार मिनिटांसाठी टेबलाला बांधून घ्यायची गरज नाही.

मग घ्यायचं काय?

एकाच जागी बसून दीर्घ काम करत असाल तर डेस्कटॉप घ्या असंच मी सांगेन. तेवढ्याच पैशात तो जास्त काम करतो आणि वर्षानुवर्षं तसाच करत राहतो. प्रोसेसर बदलायचीही सोय असते: एकाच एलजीए१७०० सॉकेटवर (चिप बसवायच्या जागेवर) इंटेलच्या १२, १३ आणि १४ या तिन्ही पिढ्या बसतात, फक्त त्या बोर्डाच्या यादीत चिप आहे का ते आधी बघायचं आणि बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्रॅम) अपडेट करायचा. लॅपटॉपची चिप बोर्डवर कायमची बसवलेली असते. पावसाळ्यात लाईट जाते त्यासाठी यूपीएसचे पैसे डेस्कटॉपच्या हिशेबात आधीच धरा. लॅपटॉपला ती काळजी नाही.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला लॅपटॉपच लागणार, त्यात वाद नाही. त्याने यू ऐवजी एच मालिका बघावी. वजन वाढेल, बॅटरी कमी चालेल, पण चार वर्षं कॅड आणि प्रोग्रॅमिंगला पुरेल.

जुना डेस्कटॉप घेताना एक खबरदारी: इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या आय७, आय९ आणि वरच्या आय५ डेस्कटॉप चिप्समध्ये जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होण्याचा दोष २०२४ मध्ये समोर आला. इंटेलने बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झालेलं नुकसान अपडेटने भरून निघत नाही. अशी चिप वापरलेली मिळत असेल तर दहा मिनिटांची चाचणी न अडखळता पूर्ण होते का ते बघा आणि बिल मागा.

पैसे देताना बिलावर "आय५ लॅपटॉप" एवढंच लिहून देऊ नका म्हणावं. प्रोसेसरचं पूर्ण नाव अक्षरासकट, रॅम किती आणि किती पट्ट्यांत, एसएसडी किती, हे लिहून घ्या. घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी घ्या आणि गुण, वॅट, तापमान दिसेल असा स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. ग्राइंडिंगची धूळ किंवा फौंड्रीची वाळू उडते तिथे मशिन असेल तर दर सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घ्या. गुण आठ-दहा टक्क्यांनी पडले आणि तापमान चढलेलं दिसलं तर आधी फॅन आणि जाळी साफ करून घ्या. तरीही सुधारलं नाही तर चिपवरची थर्मल पेस्ट बदलायला सांगा.